भैरोबाचा डोंगर आणि माझे साडू

"मास्तर, आज वर नगा जाऊ," ठकूबाई म्हणाली. "वारं फिरलंय."

मी हसलो. आठवलं की आजही कानशिलं तापतात, पण हसलो खरा. कातळवाडीतल्या अगदी शेवटच्या घराच्या अंगणात आम्ही उभे होतो. सकाळचे दहा वाजत आले होते आणि साठीची ठकूबाई धिंदळे आपल्या शेळ्या एकेक करून घरात घालत होती. सकाळी दहाला शेळ्या बाहेर सोडतात की आत घालतात, एवढं जरी मी स्वतःला विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मी पडलो भूगोलाचा शिक्षक. मी तिला ईशान्य मोसमी वारे समजावून सांगायला लागलो.

"अहो ठकूबाई, डिसेंबर चाललाय. या दिवसांत वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते कोरडे असतात. पाऊस येईल कुठून?"

तिनं माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोंगराकडं बघत म्हणाली, "आसंल बाबा. पर ह्यो वारा कोकणाकडनं येतोय. त्याला कुनी सांगितलं नसंल."

माझ्या मागं उभे असलेले माझे साडू जयवंतराव खैरनार खुदकन हसले. ते हसले म्हणून मी डोंगर चढलो. एरवी कदाचित ठकूबाईचा चहा पिऊन माघारी फिरलोही असतो.

साडूंबद्दल सांगायला हवं. निकुंभांच्या दोन मुली. थोरली मंगल जयवंतरावांना दिलेली, धाकटी सुलभा मला. जयवंतराव पुण्याला एका मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होते, आणि मी संगमनेरला हायस्कुलात, सासुरवाडीपासून दोन गल्ल्या सोडून राहत होतो. आता, जवळ राहणारा जावई हा जावई नसतोच. सासूबाईंचं सिलिंडर संपलं, बोलव नंदूला. माळ्यावरचं पिंप काढायचंय, बोलव नंदूला. जयवंतराव वर्षातून दोनदा यायचे आणि ते आले की घरात श्रीखंड. आमचे सासरे आप्पा एरवी कापडाच्या दुकानाची गादी सोडून हलायचे नाहीत, पण थोरल्या जावयाला घ्यायला स्वतः एसटी स्टँडवर जायचे. श्रीखंडाचा चक्का सकाळी डेअरीतून कोण आणायचं, ते सांगायला नकोच.

त्या डिसेंबरात जयवंतराव मंगलला घेऊन चार दिवस राहायला आले होते. जेवताना आप्पा म्हणाले, "जयवंतराव रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात, बरं का. नाहीतर आमचा नंदू. कोपऱ्यावर जायचं तर सायकल काढतो."

सगळे हसले. सुलभाही हसली, हे मला जास्त लागलं.

"पुण्याच्या डांबरी रस्त्यावर कुणीही चालेल," मी म्हणालो. "भैरोबाच्या डोंगरावर येता का, जयवंतराव? मी अकरा वेळा चढलोय."

खरा आकडा सात होता. त्यातही चार वेळा शाळेची सहल घेऊन अर्ध्यावरच्या खिंडीपर्यंत, कारण पोरं दमतात असं मी मुख्याध्यापकांना सांगायचो. पोरं दमत नसत.

"येतो की!" जयवंतराव एकदम खूश होऊन म्हणाले. "मला कुणी बोलवतच नाही हो इथं कुठं."

माझा बेत साधा होता. निम्म्या चढावर जयवंतराव धापा टाकत दगडावर बसतील, म्हणतील की मला काही जमत नाही. मग मी त्यांना सांभाळून खाली आणीन आणि रात्रीच्या जेवणाला मोठ्या मनानं म्हणेन, "दमले थोडे जयवंतराव. चालायचंच. सवय लागते त्याला." हे वाक्य मी आदल्या दिवशी दाढी करताना आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

तर आम्ही निघालो. माझ्या खांद्याला शबनम, तिच्यात भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली. अंगात सुलभानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, पायात शाळेच्या पीटीचे कॅनव्हासचे बूट. जयवंतरावांच्या पाठीवर ही एवढी सॅक. तिच्यात पावसाळी कोट, जादा मोजे, थर्मास, दोरी, बॅटरी.

"हिमालयात चाललाय की काय?" मी विचारलं.

"नाही हो," ते ओशाळून म्हणाले. "मंगलनं भरून दिलं. नाही कसं म्हणायचं?"

मी सुरुवातीपासूनच असा वेग धरला की जणू वर माझी शाळा भरली आहे आणि घंटा झाली आहे. मागून त्यांची धाप ऐकू येईल म्हणून मी कान टवकारून चाललो होतो. धाप ऐकू येत होती, पण ती माझी होती. जयवंतराव आपले एका लयीत, तोंडात शेंगदाणे टाकत, मध्येच थांबून एखादं फूल बघत येत होते. खिंडीत पोचलो तेव्हा माझा सदरा घामानं चिंब झाला होता आणि त्यांच्या कपाळावर टिपूसही नव्हता.

खिंडीत वारा अंगावर आला आणि त्या घामाचं बर्फ झालं. पश्चिमेचं आभाळ शाईसारखं दिसत होतं. पलीकडचे डोंगर नव्हतेच. कुणीतरी पुसून टाकावेत तसे गेले होते.

"परत फिरू या का?" जयवंतराव म्हणाले. "त्या बाई म्हणाल्या तेच खरं दिसतंय."

"दमलात?"

"दमलो नाही हो. आभाळ बघा."

"दमला असाल तर सांगा, लाजायचं काय त्यात?"

ते सॅक सारखी करून म्हणाले, "चला."

वरच्या कातळटप्प्याला हात घातला आणि पहिली गार माझ्या टकलावर पडली. तेव्हा टक्कल नवीन होतं, त्यामुळे लागलंही जास्त. पाहता पाहता बोरांएवढ्या गारांनी डोंगर पांढरा झाला. आम्ही कसेबसे वर पोचलो, कारण आता खाली जाण्यापेक्षा वर जाणं जवळ होतं. वरचा भैरोबा म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड आणि एक त्रिशूळ. छप्पर नाही, भिंत नाही. देवळात आसरा घेऊ असं मी वाटेत तीनदा सांगितलं होतं. बोललो तेव्हा मला खरंच देऊळ आठवत होतं. ते बहुतेक दुसऱ्या डोंगरावरचं असावं.

गारा थांबल्या आणि पाऊस सुरू झाला. तो वरून पडतच नव्हता, आडवा येत होता, आणि वारा असा की बोललेलं तोंडातच परत जावं. जयवंतरावांनी पावसाळी कोट बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला.

"तुम्ही घाला. तुमचा सदरा ओला आहे."

"मला सवय आहे," मी म्हणालो.

दात वाजत असल्यामुळे ते वाक्य नीट आलंही नाही. पण मी कोट घेतला नाही. त्यांच्या बायकोनं भरून दिलेला कोट घालून मी खाली उतरलो असतो तर आरशासमोरच्या वाक्याचं काय झालं असतं?

मग धुकं आलं. पाच हातांपलीकडचं दिसेना. "वाट मला पाठ आहे," असं म्हणून मी पुढं झालो आणि आम्ही भलत्याच सोंडेवरून उतरायला लागलो. अर्धा तास उतरल्यावर पुढं जमीनच नव्हती. माझा उजवा पाय हवेत होता आणि जयवंतरावांनी मागून माझ्या शबनमचा पट्टा धरला होता. कड्याखालून वारा नुसता घुमत वर येत होता.

"वाट बदलली वाटतं," मी म्हणालो.

त्यांनी मला मागं ओढलं. सगळा चढ पुन्हा चढायचा होता. माझ्या एका बुटाचा तळ सुटून फटक फटक वाजत होता. बोटं माझी नसल्यासारखी झाली. अंग इतकं थडथडत होतं की पाय टाकीन एकीकडं आणि पडे दुसरीकडं. हे किती वेळ चाललं सांगता येत नाही. मग हळूहळू थडथड थांबली. मला फार बरं वाटलं. थंडी गेली होती! उलट छान ऊब वाटायला लागली, एवढी की स्वेटर नकोसा झाला. एका कारवीच्या जाळीशी मला मऊ जागा दिसली. मी तिथं बसलो.

"तुम्ही व्हा पुढं, जयवंतराव," मी म्हणालो म्हणे. "मी सहामाहीचे पेपर तेवढे तपासून आलोच."

आणि स्वेटर काढायला लागलो. यापुढचं मला काहीही आठवत नाही. जे सांगतोय ते ऐकीव आहे.

डोळे उघडले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी ठकूबाईच्या चुलीपुढं तीन गोधड्यांत गुंडाळलेला होतो आणि माझ्या पोटाशी दोन करडं झोपली होती. ठकूबाई माझे तळपाय चोळत होती. पलीकडं जयवंतराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा कोट माझ्या अंगात होता, त्यांचे मोजे माझ्या पायांत, त्यांची मफलर माझ्या डोक्याला. त्यांच्या दोन्ही तळव्यांना दोरीनं सोलून लाल पट्टे पडले होते आणि गुडघ्यावर पँट फाटली होती.

"जागं झालं मास्तर," ठकूबाई म्हणाली. "आता गूळ घालून चा देते. सांडू नगा."

"मी... आम्ही कसे आलो?"

"ह्यांनी आनला तुमाला. कंबरंला दोर बांधून. चढाला वढला, उताराला पाठुंगळी घेतला."

मी जयवंतरावांकडं पाहिलं. ते चुलीकडं बघत म्हणाले, "धुक्यात कुठं जायचं कळेना. मग डब्याचा आवाज आला. या बाई तीन वाजल्यापासून पोत्याची खोळ घेऊन बांधावर उभ्या होत्या. रॉकेलचा डबा बडवत होत्या. त्या आवाजाच्या रोखानं आलो. नाहीतर काही खरं नव्हतं बघ."

त्यांनी मला 'बघ' म्हटलं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण आम्ही एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. मला वाटलं, दमलेत.

चहा पिताना कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी झाकलेलं दिसलं.

"ते काय?"

"करडू. गारठ्यानं गेलं."

"माझ्यामुळं?" मी विचारलं.

ठकूबाईनं खोटं बोलायची तसदी घेतली नाही. "थंडीनं गेलं. पर डबा बडवाया गेले नसते तर चुलीपाशी घेतलं असतं त्याला."

एवढंच म्हणून ती भाकरी थापायला लागली. महिनाभरानं मी बाजारातून एक करडू घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, ह्यो बोकड हाय. माझी गेली ती पाठ व्हती, मोठी हून दूध दिली असती." ठेवून मात्र घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आम्ही संगमनेरला आलो. सगळी वाट मी खरं कसं सांगायचं ते जुळवत होतो. सांगायचं हे ठरलं होतं, याला देवच साक्षी. शब्द तेवढे सापडत नव्हते. गाडी स्टँडमध्ये वळली तर समोर आप्पा उभे. डोक्याला टोपी नाही, पायात घरच्या चपला, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल. अर्थात ते जयवंतरावांसाठी आले होते. ते त्यांच्याकडंच धावले.

"कुठं होतात हो? मंगल रात्रभर रडतेय!"

जयवंतराव पायरीवरून उतरले, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आप्पा, आज मी तुमच्यापुढं उभा आहे तो या माणसामुळं. नंदकिशोररावांनी वाचवलं मला."

मी पायरीवरच थांबलो. माझ्या मागचा म्हातारा "उतरा की राव" म्हणून ढोसत होता. आप्पा माझ्याकडं वळले. पुढं आले. माझ्या खांद्यावरची ओली शबनम त्यांनी आपल्या हातात घेतली आणि म्हणाले, "चला, घरी चला. सुलभा दारात उभी आहे."

आता सांगावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण आप्पांनी रिक्षा केली, मला मध्ये बसवलं. घरी सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हातात गरम शिऱ्याची ताटली दिली. माझं तोंड उघडलेलं होतंच, त्यात शिरा गेला. आणि एकदा शिरा गेल्यावर खरं सांगायची वेळ टळून गेली ती गेलीच.

पुढं ती गोष्ट आपोआप वाढत गेली. मी वाढवली नाही, फक्त थांबवली नाही. पहिल्या वर्षी मी जयवंतरावांना हात देऊन आणलं. पाच वर्षांनी खांद्यावरून आणलं. एका मुंजीत सुलभाच्या मामांनी गोष्टीत बिबट्या घातला, तो राहिलाच. सासुरवाडीत माझा भाव वधारला. सिलिंडर मीच आणत होतो, पण आता आणल्यावर चहा मिळायचा. आणि जयवंतराव प्रत्येक समारंभात ती गोष्ट ऐकून मान डोलवायचे. चारचौघांत आम्ही पुन्हा अहो-जाहोवर आलो होतो.

एकवीस वर्षं अशी गेली. आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मंगल कार्यालयात दोनशे माणसं होती. तुला झाली, औक्षण झालं, आणि कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. "काका, डोंगराची गोष्ट सांगा!"

मी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत जयवंतराव होते. गुडघ्यांमुळं आता त्यांना जिना चढवत नव्हता. काठी मांडीवर आडवी ठेवून ते मान डोलवायच्या तयारीत बसले होते.

मी खरं सांगितलं. सगळं. ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून सहामाहीच्या पेपरांपर्यंत. मी रस्ता चुकवला, मी कोट नाकारला, मी बसलो, आणि यांनी मला दोरीनं ओढून, पाठीवर घालून आणलं. बोलणं संपवून मी मान खाली घालून उभा राहिलो.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा!" सुलभाचे मामा ओरडले. "साडूच्या तब्येतीकडं बघून सगळं श्रेय त्याला देऊन टाकलं! याला म्हणतात मन!" आप्पांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. त्यांनी मला जवळ ओढून घेतलं. सुलभा इतक्या अभिमानानं बघत होती की एवढ्या अभिमानानं तिनं मला लग्नातही पाहिलं नव्हतं. खरं बोलून इतका अपमान, म्हणजे मान, कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

हात धुवायच्या पिंपांपाशी मी जयवंतरावांना गाठलं.

"तुम्ही का नाही बोललात? तुम्ही म्हणायचं ना, की हा खरं सांगतोय!"

"कोण ऐकणार होतं?" ते हसले. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले, "अरे नंदू, त्या दिवशी पाठीवर असताना तू काय काय बोलत होतास, माहीत आहे का?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"जया म्हणालास मला. म्हणालास, जया, तुला दमवायला आणला होता रे, तुला खाली बसवायला. दाढी करताना वाक्य पाठ केलं होतंस, तेही म्हणून दाखवलंस. आणि मग रडायला लागलास. म्हाताऱ्यानं एकदा तरी मला स्टँडवर घ्यायला यावं, म्हणालास." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "दोन गल्ल्या सोडून राहणारा माणूस. तुला कोण स्टँडवर घ्यायला येणार रे?"

माझ्या कानांतून वाफ निघाली असेल. "आणि हे ऐकूनसुद्धा तुम्ही आप्पांना..."

"आप्पा स्टँडवर दिसले, मग मी काय करणार? संधी होती."

"म्हणून इतकं खोटं बोललात? माझ्यासाठी?"

"खोटं?" त्यांनी काठी टेकून माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "तिथंच चुकतोस तू. त्या सोंडेवरून परत चढताना माझेच पाय गेले होते. मला काही सवय होती का डोंगराची? मी मनाशी म्हटलं होतं, ती समोर कारवीची जाळी दिसतेय ना, तिथवर जायचं आणि बसायचं. बास. मंगलचा चेहरासुद्धा आठवून झाला होता. तेवढ्यात तूच तिथं बसलास. आता दोघं कसे बसणार? एकानं तरी उभं राहायला नको का? तुला ओढायचं होतं म्हणून मी चाललो, नंदू. एकटा असतो तर तिथंच राहिलो असतो."

आत पंगतीला हाका चालल्या होत्या. ते काठी टेकत निघून गेले.

मी तिथंच उभा राहिलो. लग्न झाल्यापासून त्या माणसाच्या आधी कुठंतरी पोचावं म्हणून मी जीव टाकला होता. एकदा पोचलोही होतो, चांगला पाच पावलं आधी. पण तेव्हा मी पेपर तपासत असल्यामुळं ते मला कळलं नव्हतं.